अण्णांची होडी

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शिंपीणबाई दुखरं मनगट धरून बसल्या होत्या. समोरच्या बाकावर आई, मुलगी आणि अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेलेले अण्णा पुराचा पटावरचा खेळ मांडून बसले होते.

"अण्णा, होडी किनाऱ्याला घ्या. थांबा, मीच सरकवते."

"हात लावू नकोस. पाळी त्यांची आहे."

"अगं आई, ते उलटे चाललेत! बेट बुडतंय तिकडे. एक जण बुडाला तरी आपण सगळेच हरतो."

"ते त्यांनाही कळतं. वाचा गेलीय त्यांची, डोकं नाही. अहो, चला तुम्ही. कुठं निघालात? अगंबाई, माझ्याकडे!"

"तुझ्याकडे कशाला?"

"बेटावर अडकलेय ना मी! तू मला केव्हाच सोडून दिलंस."

"पण दोघांना घेऊन होडी परत पोचायची नाही. अण्णा, काय दाखवताय? माझ्या हातातलं दोराचं पान? म्हणजे मी किनाऱ्यावरून दोर टाकला, तर... तर ओढता येईल की तुम्हाला!"

"मग टाक ना, बघत काय बसलीस!"

"आलात! दोघंही आलात! जिंकलो आपण!"

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात नर्स बाकापाशी आली.

"ताई, आजोबांना आज चालवू या, की खुर्चीतच व्यायाम देऊ?"

"खुर्चीतच बरं..." मुलगी बोलता बोलता थांबली. "त्यांनाच विचारा."

नर्स अण्णांकडे वळली. अण्णांनी डावा हात बाकाच्या दांडीवर घट्ट रोवला आणि सावरायला धावलेल्या दोघींना मानेनेच नको म्हणत ते उभे राहिले.