दोघांची खोली

हसायचं असेल तर हसा, पण झालं ते असं. नळदुर्गचा किल्ला बघायचं आमचं दोघांचं नोकरीभर राहून गेलं होतं. ही गेल्यावर यंदा मी एकटाच निघालो. तिथं निजामाच्या काळातल्या एका दगडी कचेरीत एक नवरा-बायको लॉज चालवतात. फोनवर मालकांनी विचारलं, "किती जण?" इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "दोघं."

पोचलो तर पलंगावर दोन उशा, दोन टॉवेल. मालक म्हणाले, "वहिनी मागनं येणार व्हय?" मला नाही म्हणवेना. नुसती मान हलवली आणि दार लावून घेतलं.

सकाळी त्यांची बायको दोन कप चहा घेऊन आली. "वहिनी आल्या न्हाईत अजून?"

"ती नाही येणार, ताई," मी म्हणालो. "तिला जाऊन वर्ष झालं. फोनवर मी सवयीनं दोघं म्हणालो."

मला वाटलं, आता एक कप उचलून नेतील. त्या समोरच्या दगडी कट्ट्यावर बसल्या, दुसरा कप हातात घेतला आणि म्हणाल्या, "लई गरम हाय, भाऊ. सावकाश पिऊ. मला काय घाई न्हाय."