दिलावर गुरुजींचा लोखंडी सरदार

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आम्हा सगळ्यांचे वडीलधारे आकाराम आबा, तालुक्याहून धूळ खात इथवर आलेले शाळाखात्याचे साहेब, ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते आपले दिलावर गुरुजी, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या अख्तरबी वहिनी, शिक्षक मंडळी, गावकरी बंधू, खांबापलीकडं बसलेल्या आयाबहिणी आणि मांडवाच्या दोऱ्यांना लोंबकळणारी समस्त बालसेना, आपणां सर्वांना मानसिंग सुभेदाराचा रामराम.

मी शिपाईगडी. हुकूम झाला की बोलायचं आणि हुकूम झाला की गप्प बसायचं, एवढंच शिकलेलो. काल आबांनी हुकूम केला, "सुभेदार, तुमी विलायत बघून आलाय, गुरुजींनी गावाला विलायत ऐकवली, तवा निरोपाचं तुमीच बोला." आबांना नाही म्हणणं गावात अजून कुणाला जमलेलं नाही. पण सभेनं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज बोलायला उभा केलेला हा माणूस गुरुजींवर जळतो. हे मी हसण्यावारी म्हणत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आबांच्या कानावर कुणी घातलेलं दिसत नाही.

गुरुजींची विद्वत्ता मी काय सांगावी? रहिमतपूरच्या बाजारात आपल्या गावच्या माणसाला काट्यात कुणी फसवू शकत नाही, ही त्यांची पुण्याई. त्यांच्या छडीचा मार खाल्लेले आज पलटणीत हवालदार आहेत, मामलेदार कचेरीत कारकून आहेत. गुरुजी आता सेवा पुरी करून सांगलीला लेकीकडं राहायला निघाले. त्यांनी तिथं सुखात राहावं, परमेश्वरानं त्यांना उदंड आयुष्य द्यावं. इथवर सगळं रीतीप्रमाणं झालं. आता त्या सरदाराकडं येतो.

तालुक्याच्या साहेबांना हा सरदार ठाऊक नसणार, म्हणून थोडं मागं जावं लागेल. लढाई सुरू झाली आणि गावातले तरणे गडी पलटणीत गेले. मागं राहिलेल्या बायकांना पत्रं कोण वाचून दाखवणार? गुरुजी. बेस्तरवारी टपाल यायचं आणि शाळा सुटली की बायका ओसरीवर जमायच्या. जिचं पत्र आलं ती पदराआड हसत घरी जायची. जिचं नाही आलं ती तशीच बसून राहायची. एका बेस्तरवारी एकीचंही पत्र आलं नाही. तेव्हा आमच्या राहीबाई मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पत्र नसलं तर नसलं. आमची मानसं ज्या मुलखात हायत तितलं काय तरी वाचा की. हात हालवत कसं जावं?"

गुरुजींकडं एक जाडजूड बुक होतं. कुणी साहेब नोकरी संपवून मायदेशी निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ते सांगलीला घेतलेलं. फ्रान्स देशातल्या सात-आठशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी. मूळची भाषा आता खुद्द फ्रान्सच्या माणसालाही धड कळत नाही म्हणे, म्हणून कुणा विद्वानानं त्या आजच्या इंग्रजीत उतरवल्या. आणि इंग्रजी पानावर बोट ठेवून गुरुजी त्या जागच्या जागी मराठीत सांगायचे. म्हणजे सरदार जन्मला फ्रान्सात, कपडे शिवले इंग्रजांनी, आणि तोंड उघडलं की बोलायचा आपल्या कोरेगाव तालुक्यातलं.

इथं माझी पहिली तक्रार. मी होतो इटलीत. दोन्ही मुलखांच्या मध्ये केवढे डोंगर आहेत ते माझ्या पायांना विचारा. पण आमच्या कुटुंबाच्या हिशेबी विलायत म्हणजे एकच गाव, त्यात मी एका आळीला आणि सरदार दुसऱ्या आळीला. तिनं मला पत्रातून विचारलंसुद्धा, सरदाराचा वाडा तुमच्या छावणीपासून लांब आहे का. ते पत्र वाचून आमचे कप्तान साहेब दोन दिवस माझ्याकडं बघून हसत होते.

माझी पत्रं यायची. पण पत्रात काय असणार? मी खुशाल आहे, काळजी नसावी, बैलांना जपावं. जास्त लिहिलं तर सरकार काळी शाई फासायचं. माझं पत्र वाचून व्हायला तंबाखू मळण्याइतका वेळ लागायचा, आणि पुढं तासभर सरदार. मग लक्षात कोण राहणार?

बरं, सरदार तरी कसा? डोक्यापासून टाचेपर्यंत लोखंड घालून हिंडतो. पावसात भिजल्यावर त्या लोखंडाला तेल कोण लावतं, हे बुकात नाही. शिधा कुठून येतो, तेही नाही. बाईसाहेबांच्या झग्याची रेशमी बाही भाल्याला बांधून लढायला जातो. आमच्या पलटणीत कुणी असलं झगमगीत बांधून खंदकाबाहेर डोकं काढलं असतं, तर संध्याकाळच्या हजेरीला त्याचं नाव पुकारावं लागलं नसतं. पण आमच्या घरी त्याचं कौतुक. तो वाड्याच्या बाईसाहेबांवर जीव टाकतो आणि मागत मात्र काही नाही. मोहिमेवरून आला की आधी तिच्या पायरीशी बसतो आणि सांगतो. कुठल्या नदीला उतार मिळाला नाही, घोड्यानं काय खाल्लं, वाटेत कोण भेटलं. असल्या बारीकसारीक गोष्टी ऐकत ती बाई सांज करते. मला हा शिपाई नव्हे, कीर्तनकार वाटतो.

आता खरी गोष्ट सांगतो. पोथीत देवाचं लग्न आलं की ऐकणाऱ्यांनी अक्षता टाकायच्या, बत्तासे वाटायचे, ही आपली रीत. बायकांनी आपसांत ठरवलं, सरदार सात वर्षांच्या मोहिमेवरून वाड्यावर परत येतोय, म्हणजे या बेस्तरवारी लग्नच लागणार. गुरुजींना कुणी विचारलं नाही. तांदूळ हळदीकुंकवानं रंगवले, नव्या चोळ्या घातल्या, आणि अख्तरबी वहिनींनी तर परातभर बत्तासे आणले. वहिनी, खोटं असलं तर इथंच सांगा. नेमका त्याच बेस्तरवारी मी रहिमतपूर स्टेशनात उतरलो.

चार-साडेचार वर्षांनी माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्या मनात काय असतं ते मी सांगत बसत नाही. दाराला कडी. शेजारी ज्ञानू काका उन्हाला बसलेले. म्हटलं, घरातली माणसं कुठं गेली?

"समद्या साळंत गेल्यात," काका म्हणाले. "लगीन हाय."

"कुणाचं?"

"त्या लोखंडी सरदाराचं. तू कोण रं?"

ट्रंक तिथंच टाकली आणि शाळेकडं गेलो. ओसरीवर बायकांच्या मुठीत अक्षता, आणि गुरुजींच्या कपाळावर घाम. कारण बुकात लग्नच नव्हतं. ते पुढचं पान उलटत होते, परत मागं येत होते. तेवढ्यात त्यांना अंगणात वर्दीतला मी दिसलो. बुडत्याला काठ दिसावा तसे ते उभे राहिले आणि म्हणाले, "बायांनो, मागं बघा, लढाईवरून कोण आलं." झालं. सगळ्या अक्षता माझ्या टोपीवर. गुरुजी सुटले. लोक अजून म्हणतात, सुभेदाराचं काय स्वागत झालं. मी म्हणतो, दुसऱ्याच्या नावानं रंगवलेल्या अक्षता त्या, मला त्यांचं काय?

आणि सगळ्यांनी टाकल्या असंही नाही. एकीची मूठ मिटलेलीच राहिली. ती आमच्या कुटुंबाची.

का टाकल्या नाहीस, म्हणून मी घरी विचारलं. ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "वळखू आला न्हाईसा. मला वाटलं, दुसऱ्या कुनाचं तरी मानूस आलं." खरं आहे, मी वाळलो होतो, केस पिकले होते. पण मंडळी, सरदाराच्या दाढीचा रंग तिला ठाऊक. त्याच्या घोड्याच्या कपाळावरचा चांद ठाऊक. आणि नवऱ्याचं तोंड ओळखू आलं नाही. आबा, तुम्हीच न्याय करा, माणसानं जळू नये तर काय करावं?

त्यानंतर आमच्या घरात तिघं नांदायला लागलो. मी जेवून मुकाट्यानं उठलो की ती म्हणायची, "सरदार आला म्हंजी बाईसायबास्नी समदं सांगायचा." मी एकदा म्हटलं, "ताटात सरदार वाढू नगंस." तर दुसऱ्या दिवशी ताटात भाकरी आणि मीठ.

तेव्हा मी ठरवलं, शत्रूचा मुलूख आपण स्वतः बघायचा. गुरुजींकडून बुक मागून आणलं. मला फौजेतलं इंग्रजी येतं, अक्षर अक्षर लावत वाचलं. आणि सापडलं. गुरुजींनी गोष्टीत एक मोठे सरकार ठेवले होते, पांढऱ्या दाढीचे, वाड्याचे मालक. बायकांनी त्यांना बाईसाहेबांचे वडील समजलं आणि गुरुजींनी समजू दिलं. ते वडील नव्हते. ते तिचे यजमान होते. सरदार परक्याच्या बायकोवर जीव टाकत होता.

साहेब, मला झालेला आनंद मी कसा सांगू? पुढच्या बेस्तरवारी मी स्वतः ओसरीवर गेलो आणि भर सभेत हे फोडलं. म्हटलं, घ्या तुमचा सरदार. टाका अक्षता. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग राहीबाई मावशींनी तोंडातली मिसरी थुंकून विचारलं, "मग ह्यो म्होटा सरकार कुटं आसतो सारखा?"

"लढाईवर," मी म्हटलं.

"परत आल्यावर बाईसंगं बोलतो का काय?"

मी बुक चांगलं वाचलेलं होतं. खोटं बोलता येईना. "बुकात तसं काई न्हाई," म्हटलं. "येतो, जेवतो, निजतो."

"आस्सं," मावशी म्हणाल्या. "मग बाईनं कुनाचं ऐकायचं?"

आणि ओसरीवरच्या सगळ्या बायका बुकाकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघायला लागल्या. मी गेलो होतो सरदाराला पकडायला. त्या गोष्टीत माझीही जागा आहे हे मला तिथं कळलं, आणि ती सरदाराची नव्हती, पांढऱ्या दाढीच्या सरकारची होती. आमचं कुटुंब तेवढं खाली बघत होतं. तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आता साहेबांना उशीर होतोय, मला दिसतंय. पण गेल्या आठवड्यातलं सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होत नाही. गुरुजींचं सामान बांधायला मी गेलो होतो. लोकांना वाटलं, सुभेदाराचं मन मोठं. खरं तर ते बुक गावातून जातंय ना, याची खातरी करायला गेलो होतो. सुंभ आवळताना गुरुजी म्हणाले, "सुभेदार, एक सांगायचं राहिलंय. वाचून झालं, बायका उठल्या, की तुमच्या घरच्या बाई तेवढ्या मागं राहायच्या. थंडीचे दिवस आले की एकच विचारायच्या. गुरुजी, त्या मुलखात सरदार अंगावर काय घेतो? आता पुस्तकात थंडीच नाही हो. त्या कवींना बारा महिने वसंत. मग मी आपलं रचून सांगायचो. घोंगडी असते, चांगली दुहेरी. शेकोटी असते. झोपताना गरम कढण मिळतं. एवढं ऐकलं की त्या उठायच्या. बाकी कुठल्या बाईनं सरदाराच्या घोंगडीची चौकशी केली नाही."

सभाजनहो, त्या दिवशी सरदारावरचा माझा राग उतरला आणि गुरुजींवरचा दुप्पट झाला. कसा होऊ नये? एवढे हिवाळे माझ्या घरच्या माणसानं माझी थंडी विचारली आणि जबाब दिला गुरुजींनी. ती विचारताना तिचं तोंड कसं दिसत होतं, ते गुरुजींनी पाहिलं. मी पाहिलेलं नाही, आणि आता कितीही बक्षिसी दिली तरी मला ते दिसायचं नाही. मी परत आल्यावर चावडीवर सगळ्या लढाया सांगितल्या. तोफा सांगितल्या, खेचरं सांगितली, गोऱ्या साहेबांच्या गमती सांगितल्या. घरी भाकरी मागितली.

गुरुजी, तुम्ही थोर आहात, तुमचे उपकार आहेत, आणि मी तुमच्यावर जळतो. तिन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. तुम्ही सांगलीला सुखरूप जा. बुक घेऊन जा. अख्तरबी वहिनींनी लढाईच्या दिवसांत त्या ओसरीवर गुळाचा चहा पाजला, त्याबद्दल पलटणीतल्या सगळ्या गड्यांच्या वतीनं मी त्यांचे आभार मानतो. अध्यक्षांनी बोलू दिलं, साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं, पोरांनी मांडव पाडला नाही, सगळ्यांचे आभार. माझी जीभ कवायतीत वाढलेली आहे, बोलताना कुणाचा मान राहिला नसेल, कुठं मर्यादा सुटली असेल, तर सभेनं ते पोटात घालावं.

एक जबाब तेवढा माझ्याकडून द्यायचा राहिलाय. खांबापलीकडं बसलेल्या आयाबहिणींपैकी ज्यांचा तो प्रश्न होता, त्यांनी ऐकावं. गुरुजींनी सांगितलं ते खरं नव्हतं. घोंगडी एकेरी होती, आणि डोंगरात चढल्यावर ती वाळलीच नाही. शेकोटी पेटवायची मनाई होती, उजेड दिसला की वरून गोळा यायचा. उजव्या पायाची दोन बोटं तिथंच राहिली, म्हणून मी घरात पायमोजे काढत नाही. थंडी लय वाजत हुती. लय म्हंजी लय.

बाकीचं ऐकायला सभेनं थांबू नये. ते मी घरी सांगणार आहे.