चार बोटं पाणी

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या परवाना कचेरीचे नवे मुख्य अधिकारी, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले माजी मुख्य अधिकारी, डाव्या हाताला बसलेले कर्मचारी संघटनेचे चिटणीस, आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांचे नियमसाहेब, पहिल्या रांगेतल्या आमच्या वहिनी, आणि चहा कधी येतोय याकडे एक डोळा ठेवून बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. चिटणीसांनी मघाशी कानात सांगितलं, "पहिलवान, आवरतं घ्या." मी आवक-जावक विभागात लिपिक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद घेतले आणि पुढे दिले. स्वतःचं म्हणून काही बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा सहाव्या मिनिटाला कोणी सदरा ओढू नये, एवढी विनंती.

आत्ताच मानपत्राचं वाचन झालं. फार सुंदर लिहिलंय. त्यात एक वाक्य आहे की, 'साहेबांनी एकतीस वर्षांच्या सेवेत एकही रजा घेतली नाही. कार्यालय हेच त्यांचं विश्व होतं.' यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दुसऱ्या भागाबद्दल मला जरा बोलायचंय.

पण आधी नव्या अध्यक्षांना साहेबांची ओळख करून द्यायला हवी, कारण त्यांना इथे येऊन जेमतेम तीन महिने झालेत. साहेब नियम शाखेचे प्रमुख. कोणाला दुकानावर पाटी लावायची असो, अंगणात पत्र्याची शेड घालायची असो, अर्ज त्यांच्या टेबलावरूनच जाणार. नियम वाचावा तर साहेबांनी! तुम्ही-आम्ही नियमात काय लिहिलंय ते वाचतो, साहेब काय लिहिलेलं नाही ते वाचतात. एकदा एक सलूनवाला रडकुंडीला आला. दुकानासमोर बाकडं ठेवायला मनाई, आणि गिऱ्हाईक तर उभं राहून कंटाळून निघून जातं. साहेबांनी चष्मा पुसला, नियम पुन्हा वाचला आणि म्हणाले, "बाकडं मना आहे. खुर्ची मना नाही." दुसऱ्या दिवशी दुकानासमोर चार खुर्च्या, एकमेकींना दोरीने घट्ट बांधलेल्या. बाकड्यापेक्षा हातभर लांबच झाल्या त्या. पण नियम? नियमाला धक्का नाही!

आणि साहेबांचं दुसरं वाक्य तर आपल्या खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. कोणी म्हणायचं, "साहेब, ही अट फार जाचक आहे हो." साहेब म्हणायचे, "अट ज्याने घातली, त्यालाच ती सैल करता येते. त्याच्याकडे अर्ज करा." हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. मला शेवटी लागणार आहे.

तर आता मुद्द्यावर येतो. रविवारी आपली खिडकी उघडी असते, म्हणून आपल्याला सुट्टी मंगळवारी. मंगळवारी साहेब काय करत असतील, असा प्रश्न तुमच्यापैकी किती जणांना पडला? कोणालाच नाही. तुम्हाला वाटलं असेल, घरी बसून पोटनियम वाचत असतील. मित्रहो, एकोणीस वर्षं दर मंगळवारी हा मनुष्य समुद्रावर असायचा, होडीत. आणि होडीपर्यंत माझ्या पाठीवर.

हसू नका. म्हणजे हसा, पण ऐका.

एकोणीस वर्षांपूर्वी भाड्याच्या होड्या चालवणाऱ्या एका माणसाचा परवान्याचा अर्ज आला. होडी जागेवर पाहणं भाग होतं. मी नवा होतो आणि अंगाने असा, म्हणून मोजमापाचं सामान उचलायला मला बरोबर घेतलं. तिथे धक्का-बिक्का काही नाही, होड्या गुडघाभर पाण्यात नांगरलेल्या. मी विजार वर करून पाण्यात उतरलो. मागे वळून बघतो तर साहेब कोरड्या वाळूवर, बुटांत, खांबासारखे उभे.

"साहेब, या की."

"मला पाण्यात पाय ठेवता येत नाही. शपथ आहे."

मग त्यांनी सांगितलं. वहिनींचा धाकटा भाऊ समुद्रात बुडाला. त्यानंतर वर्षाच्या आत यांचं लग्न झालं, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी शपथ घातली, 'समुद्राच्या पाण्यात कधी पाऊल ठेवू नका.' साहेबांनी शब्द दिला. आता, लहानपणापासून या माणसाला समुद्राचं वेड. शाळा बुडवून होड्या बघत बसणारा हा प्राणी. ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी तोंडावर वाचलं. किती तरी वेळ ते त्या होडीकडे बघत राहिले. मग चष्मा काढला. पुसला. तुम्हाला कळलं ना आता काय होणार?

म्हणाले, "शपथ पायांची आहे."

"बरं मग?"

"माझ्या पायांची. तुझे पाय मोकळे आहेत."

असा मी नियमाच्या फटीत सापडलो. त्यांना पाठुंगळीला घेऊन होडीत नेऊन बसवलं. होडीवाल्याने विचारलं, "पायाला जखम आहे का यांच्या?" काय सांगणार? म्हटलं, "हो." झालं! पुढची एकोणीस वर्षं तो दर मंगळवारी मायेने विचारत होता, "जखम काय म्हणते?"

आणि होडीत बसले की साहेब, साहेब राहायचे नाहीत. कोट काढायचे, डोक्याला रुमाल बांधायचे आणि मला 'खलाशी' म्हणून हाक मारायचे. पाण्याला पाय लावायचे नाहीत, पण विजार मात्र गुडघ्यापर्यंत दुमडायचे, का ते देव जाणे. मोठमोठ्याने गायचे. आवाज तुम्हाला माहीत आहे, टिपणी वाचताना असतो तोच. आमचे पराक्रम काही फार नाहीत. समोरच्या खडकाला वळसा घालून यायचं. डब्यातल्या पोळ्या पाण्याकडे बघत खायच्या. एकदा साहेबांची टोपी उडाली, तर तासभर वल्ही मारत तिचा पाठलाग केला, आणि ती शेवटी स्वतःच्या मर्जीने किनाऱ्याला लागली. एकोणीस वर्षांत मासा एक मिळाला. तोही साहेबांनी सोडून दिला, कारण मासेमारीचा परवाना आमच्याकडे नव्हता.

घरी ते खोटं बोलले नाहीत. साहेब खोटं बोलतच नाहीत. "जरा बाहेर जाऊन येतो," एवढं म्हणायचे. जे विचारलं नाही ते सांगायचं नाही, एवढाच त्यांचा दोष.

आता त्या मंगळवारचं सांगतो, ज्याच्यामुळे मी आज इथे कमरेला पट्टा बांधून उभा आहे. सव्वा महिना झाला. आम्ही खडकाकडून परतत होतो, गप्पांच्या नादात ओहोटीचं भान राहिलं नाही आणि होडी वाळूच्या उंचवट्यावर रुतली. आजूबाजूला कोरडी वाळू. किनारा समोर दिसतोय, फक्त मध्ये खोलगट जागेत साचून राहिलेल्या पाण्याचा एक पट्टा. रुंदी तीस पावलं आणि खोली चार बोटं. मी साहेबांना उचललं, दोन पावलं टाकली, आणि माझ्या पाठीत असा काही आवाज झाला की तो साहेबांनासुद्धा ऐकू आला. कसंबसं त्यांना परत वाळूवर ठेवलं आणि तिथेच आडवा झालो.

मी कण्हत म्हटलं, "साहेब, चार बोटं पाणी आहे. परातीत याहून जास्त असतं. चालत जा ना!"

ते म्हणाले, "चार बोटं काय आणि चार पुरुष खोल काय. शपथेत खोली लिहिलेली नाही."

बघा! जन्मभर ज्याने दुसऱ्यांना नियमातून वाटा काढून दिल्या, त्याला स्वतःसाठी चार बोटांची वाट सापडेना. किनाऱ्यावरून माणसं जात होती, हात हलवत होती, आमची हाक वाऱ्यात पोचत नव्हती, म्हणून आम्हीही हात हलवत होतो. त्यांना वाटलं, मजा करतायत. एक कुत्रं तो पट्टा ओलांडून आलं, आमच्याकडे बघून गेलं. त्याची पोटरीसुद्धा भिजली नव्हती. दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत, भरती येईपर्यंत, या कचेरीतली दोन जाणती माणसं तिथे अडकून पडली होती.

या गोष्टीत मी तुम्हाला हसवतोय, पण एक गोष्ट हसत सांगता येत नाही. त्या सहा तासांत मला हलता येत नव्हतं आणि ऊन थेट डोळ्यांवर होतं. साहेबांनी आपला कोट पसरून माझ्या तोंडावर सावली धरली. सहा तास धरली. उभं राहून. मी चार वेळा म्हटलं, बसा. बसले नाहीत, कारण बसलं की सावली सरकायची. त्यांचा स्वतःचा चेहरा भाजून निघाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे विचारत होतात ना, "साहेब, चेहऱ्याला काय झालं?" ते हे. माझ्या थोरल्या भावानेही माझ्यासाठी कधी केलं नाही ते या माणसाने केलं. माझा जीव आहे त्यांच्यावर, आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो.

पाणी चढायच्या आत आम्ही कसेबसे होडीत शिरलो, भरती आल्यावर ती सुटली आणि वल्ही साहेबांनी मारली. किनाऱ्याला त्या म्हाताऱ्या होडीवाल्याने धापा टाकत साहेबांना उचलून वाळूवर ठेवलं आणि म्हणाला, "आजच्यापुरतं ठीक आहे, पण एकोणीस वर्षं जखम भरत नाही म्हणजे काय? डॉक्टर बदला."

माझ्या डॉक्टरने मला सांगितलंय, आता भाजीची पिशवीसुद्धा उचलायची नाही. त्यामुळे गेले पाच मंगळवार आम्ही दोघं किनाऱ्यावरच्या कठड्यावर बसतो. साहेब होडीकडे बघतात. गात नाहीत. उद्यापासून त्यांना रोजच मंगळवार आहे, आणि न्यायला पाठ नाही. गेल्या आठवड्यात आपण सर्वांनी मिळून त्यांना आरामखुर्ची भेट द्यायचं ठरवलं. छान आहे, पाय अधांतरी ठेवून बसायची त्यांना सवयही आहे. पण त्या खुर्चीत न गाता बसलेले साहेब माझ्या डोळ्यांसमोर आले.

म्हणून परवा समारंभाची पत्रिका द्यायचं निमित्त काढून मी साहेब नसताना त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. पत्रिका घेतली नाही की 'बसा' म्हटलं नाही, पहिला प्रश्न, "पाठ कशी आहे?"

मी चाचरलो. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"एकोणीस वर्षं माझा नवरा तुमच्या पाठीवर बसतोय. चौकशी करायला नको?"

विजारीच्या दुमडीतून वाळू निघते हो, मित्रहो. दर बुधवारी कपडे धुताना मूठ-मूठ. आणि बूट मात्र कोरडे. पहिल्या वर्षातच त्यांनी सगळं ताडलं होतं. मी पाणी मागितलं. पाणी देऊन त्या म्हणाल्या, "भाऊ गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. भीतीने शपथ घातली. ती भीती केव्हाच ओसरली. त्या दिवशी हे चेहरा भाजून घरी आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, 'अडकलो होतो.' मला रडू आलं. एवढी शपथ पाळणारा माणूस, आणि एकदाही मला विचारलं नाही की, अगं, सोडवतेस का? मी वाट बघत होते. विचारायला काय जात होतं?"

साहेब, मान खाली घालू नका. आता तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवतो. अट ज्याने घातली, त्यालाच ती सैल करता येते. त्याच्याकडे अर्ज करा. एकतीस वर्षं हजारो लोकांना सांगितलंत. स्वतः केलात का अर्ज?

मी मसुदा करून आणलाय. वाचतो. 'प्रति, सक्षम अधिकारी, पहिली रांग, डावीकडून तिसरी खुर्ची. विषय: समुद्रात पाऊल ठेवण्याबाबतची अट रद्द होणेबाबत.' खाली सहीची जागा सोडली आहे. हा घ्या कागद, हे पेन.

अध्यक्ष महाराज, दोन मिनिटं थांबावं लागेल. साहेब मसुदा तपासतायत. साहेब, शुद्धलेखन राहू द्या! ... झाली सही. अरे, स्वतःच उतरून निघाले. जपून, पायरी आहे.

वहिनी वाचतायत. ... शेरा लिहितायत. मोठा लिहितायत. साहेब, बसा ना खाली, किती वेळ उभे राहाल? ऐकत नाहीत.

आला कागद. परवानगी असेल तर वाचून दाखवतो, आवक-जावकचं कामच आहे माझं. 'मंजूर. मात्र पहिलं पाऊल टाकताना अर्जदाराने माझा हात धरावा. भाऊ गेल्यापासून मीही पाण्यात उतरलेले नाही.'

...

माफ करा. जरा पाणी पितो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघण्याचा मोठेपणा दाखवला, मान्यवरांनी ऐकून घेतलं, तुम्ही सर्वांनी चहा थंड होऊ दिलात, सगळ्यांचा मी ऋणी आहे. मानपत्राच्या पानात न मावणारं मी बोललो. एखाद्या घरातली गोष्ट सभागृहात आणली, हे औचित्याला सोडून झालं असेल. जे उणं-अधिक बोललो असेन ते पोटात घाला. माझी पाठ आधीच भरली आहे, तिच्यावर राग काढू नका.

आणि साहेब, येत्या मंगळवारी मी कठड्यावर बसून असेन. बूट घालून येऊ नका.