खिंडीपलीकडची वाट

डोळ्यांच्या दवाखान्यात, औषधाचे थेंब घालून शिवणकामवाल्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक बहीण-भाऊ सायकलवरच्या चार दिवसांच्या डोंगरफेरीचा बेत आखत होते.

"दादा, डोळे उघडू नकोस अजून. नुसतं सांग, मी लिहून घेते. खिंडीनंतर नकाशात वाटच नाहीये."

"आहे वाट. मागच्या महिन्यात जाऊन आलोय. उतार संपला की खडी जाते, चाकाखाली मऊ माती लागते. तिथून डावीकडे."

"तिथे पाटी आहे?"

"पाण्याचा आवाज आहे. तो मागे पडेपर्यंत सरळ जायचं."

"पाटीचं विचारलं मी."

"असेल की."

"एरवी वळणावळणाचे फोटो काढतोस. या वेळी एकही नाही."

"राहून गेलं. लिही पुढे. अंगाला गारवा लागला की झाडी आली, तिथे मुक्काम. सकाळी चढ. चढताना डावी कड सोडायची नाही, झुडपं पायाला घासली तरी चालेल."

"का? उजवीकडे काय आहे?"

"उजवीकडून वारा येतो."

कागदावरचं पेन थांबलेलं बाईंना कळलं.

"दरी आहे?"

"असावी. दगड टाकला होता मी. बराच वेळ काही ऐकू आलं नाही."

"एकटा गेला होतास?"

"हो."

"आईला माहीत आहे?"

"नाही. तूही सांगू नकोस."

"लिहू हे, दगडाचं?"

"नको. डावीकडे राहायचं, एवढंच लिही. आणि तुझ्या सायकलला घंटी बसवून घे. या वेळी पुढे तू असशील, मी घंटीच्या आवाजामागे येईन."