आतल्या दाराची नोटीस

—लावली होती ना, साहेब! नाही कोण म्हणतं? पंधरा दिवस आधी, नियमाप्रमाणे. फोटो आहे, तारीख आहे, खाली माझी सही आहे — सव्वीस वर्षं शिपाई आहे या पालिकेत, नोटिसा मीच लावतो. कुठे लावली? ते होय. बसा ना, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या — फळ्यावर नाही. जुन्या कागदांच्या खोलीत, दाराला, आतल्या बाजूनं. अध्यक्ष म्हणाले, "इमारतीत लावली म्हणजे लावली." सदस्यांचं मानधन वाढवायचं, तेही घरपट्टी वाढवून — लोकांनी वाचलं तर हरकती घेणारच की! मी काय म्हटलं? बरं म्हटलं. आपण हुकमाचे ताबेदार. खळ लावली, फोटो काढला, दार ओढून घेतलं.

हे तुमच्या चौकशीत लिहू नका हं — माझा थोरला भाऊ दर सोमवारी फळा वाचायला यायचा. निवृत्त मास्तर. पाण्याची वेळ असो की रस्त्याचं टेंडर, सगळं वाचायचा, पटलं नाही तर तिथंच उभ्या उभ्या हरकत लिहून द्यायचा. हल्ली दिसायचं कमी, म्हणून मलाच विचारायचा. त्याही सोमवारी आला. "काय रे, नवीन काही?" म्हटलं, "फळा जुनाच आहे, दादा." पुढच्या सोमवारी परत तेच. आणि तो बागेत जाऊन सगळ्या म्हाताऱ्यांना सांगायचा — निर्धास्त राहा, माझा भाऊ आहे तिथं.

ठराव झाला. एकही हरकत नाही. पट्टीची बिलं गेली तेव्हा दादा आला. ओरडेल वाटलं, तर नाही. नुसतं बिल माझ्या हातात ठेवलं, मग भिंत चाचपत जिना उतरला. मी धरायला गेलो नाही. का? काय माहीत. वाईट वाटलं का म्हणता — वाटायला हवं होतं. जेवतो, झोपतो, कामावर येतो. काही होत नाही, साहेब.

तक्रार त्याचीच ना? अक्षर ओळखलं मी. दाखवता? हा रकाना कसला — 'या कार्यालयात तक्रारदाराचे कोणी नातेवाईक आहेत काय?' ... 'कोणी नाही.'

जन्मात खोटं लिहिलं नाही हो त्यानं.

असू द्या. घ्या तुमचा कागद. उठा आता, मला खोली बंद करायचीय.