वर जाणारे

(इंग्लंडच्या उत्तरेतलं एल्मरॉइड गाव. रविवारची दुपार. मार्जरीबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांचे दोघे मुलगे जेवतायत: थोरला डीन, गावच्या तेरा जणांच्या रग्बी संघाचा कप्तान, आणि धाकटा कॉनर, शेजारच्या स्टॅनवर्थ संघातला खेळाडू.)

कॉनर: म्हणजे माझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलंयस तू?

डीन: बोलतोय की. ग्रेव्ही सरकव इकडे.

मार्जरी: फायनल झाल्यापासून आज पहिल्यांदा एका टेबलावर आलात. आधी पोटभर जेवा, मग भांडा.

डीन: भांडण कसलं, आई? यांचा संघ वरच्या गटात तळाला. आम्ही खालच्या गटात पहिले, फायनलही जिंकलो. रीतीनं यांनी खाली यायचं, आम्ही वर जायचं. आता हेही तिथंच, आम्हीही इथंच.

कॉनर: नियम मी नाही केला.

डीन: नाही. तू नुसता त्याच्या आडोशाला उभा आहेस.

मार्जरी: डीन, पुरे.

डीन: वर जायचं तर मैदानावर पाच हजार माणसांची सोय पाहिजे म्हणे. आमचा अर्धा लाकडी स्टँड धोक्याचा म्हणून बंद. तेरा जण मैदानात जिंकले आणि बाकड्यांपायी हरले. पोरांना हे मी सांगितलं, कपडे बदलायच्या खोलीत. कमिटीतलं कुणी पुढे आलं नाही.

कॉनर: ही अट काही काल नाही आली. केव्हाची कळवलेली होती. तुमच्या कमिटीनं काय केलं?

डीन: मॅचला चहा नि पॅटिस विकून स्टँड उभा राहतो का? गिरण्या गेल्या, पैसेवाले त्यांच्या मागोमाग गेले. वर गेल्याशिवाय पैसा येत नाही, आणि पैसा असल्याशिवाय वर घेत नाहीत.

मार्जरी: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

डीन: तेच. बरं, एक सांग. तुमच्या गोलपोस्टमागच्या स्टँडवर छप्पर आहे?

कॉनर: नाही.

डीन: आणि तेही नियमातच आहे ना?

कॉनर: आम्हाला मुदत मिळालीय.

डीन: मागेही मिळाली होती.

कॉनर: जे आत आहेत त्यांना मिळते. मी कुठं म्हणतोय हे बरोबर आहे? पण नियमच नको म्हणशील तर तेही पटत नाही मला. डोंगरापलीकडचा तो संघ आठवतो? तयारी नसताना घेतला वर. दर आठवड्याला साठ-साठ गुणांनी मार खाल्ला. वर्षाअखेरीला क्लबला कुलूप. माझा मित्र होता त्यात, आता लॉरी चालवतो.

डीन: आम्हाला मार तरी खाऊ द्यायचा होता.

मार्जरी: बटाटे घे अजून. काहीच खाल्लं नाहीस.

डीन: फायनलला तू आईशेजारी बसून टाळ्या वाजवत होतास. खरं सांग, आम्ही हरावं असं वाटत होतं?

कॉनर: नाही. तुम्ही जिंकावं असंच वाटत होतं. आणि नियम राहावा असंही. खाली आलो असतो तर निम्म्या पगारावर आलो असतो. घराचे हप्ते आहेत, जेम्माला सातवा महिना आहे. दोन्ही वाटत होतं, डीन.

मार्जरी: हे मला बोलला नाहीस कधी.

कॉनर: काय बोलणार होतो?

डीन: बरं. आज आलास कशाला? नुसतं जेवायला नाही आलास.

कॉनर: आमच्या प्रशिक्षकांनी पाठवलंय. तू आमच्याकडे ये म्हणतायत. एक वर्षाचा करार. वरच्या गटात खेळशील.

मार्जरी: हे आधी सांगायचं सोडून इतका वेळ काय करत होतास?

डीन: संघ चालत नाही त्यांना. संघातला माणूस चालतो.

कॉनर: तेहतीस वर्षांचा आहेस. पुन्हा कुणी विचारणार नाही.

डीन: माझा दुखरा खांदा जेमतेम एक वर्ष टिकेल. आमच्या ओवेनला घ्या.

कॉनर: ओवेन? तुमचा सगळा खेळ त्याच्या हातातून फिरतो. तो गेला तर तुमच्याकडे राहिलं काय?

डीन: मागच्या उन्हाळ्यात त्याला दोन संघ न्यायला आले होते. मी थांबवला त्याला. म्हटलं, नको जाऊ, आपण सगळे मिळूनच वर जाऊ. त्यानं ऐकलं माझं. आता पोरगी झालीय त्याला, सकाळी गोदामात पेट्या उचलतो नि संध्याकाळी सरावाला येतो.

कॉनर: तो गेला तर पुढच्या वर्षी तळाला जाल.

डीन: पहिलं येऊन काय मिळालं?

मार्जरी: आणि तू रे? तू काय करणार?

डीन: मी आहे इथंच. कुणीतरी पाहिजे ना नाणं उडवायला. कॉनर, तुझ्या माणसाला सांग, ओवेनचं बघा. खेळात माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

कॉनर: सांगतो. ऐकतील बहुतेक. पण ओवेन तयार होईल? तुला सोडून यायचा नाही तो.

डीन: बोलतो मी त्याच्याशी. आजच जातो.

मार्जरी: डीन, त्याला सांगताना जरा हसून सांग. तोंड असंच ठेवलंस तर तो जायचा नाही.