बरोब्बर एकदा

— उद्या? उद्या तं बुधवार. तुले कोणी सांगितलं वं बुधवारी विहार झाडायले यायचं? दामिनी मॅडमनं? मले वाटलंच. बस, इथं पलंगावर बस. सरिता ना नाव तुझं? सिंधूचं घर भाड्यानं घेतलं म्हणजे तिचा बुधवारबी तुलेच — व्वा. अख्ख्या हुडकेश्वरात असलं गणित दुसरीकडं नाही सापडणार तुले.

ही मॅडम कॉलेजात भूमिती शिकवते — आपली शाळेतली नाही, सात टिंबांची. सात टिंबं, सात रेघा, संपली दुनिया. त्यात समांतर रेघाच नाही म्हणे, कोणत्याबी दोन रेघा कुठं ना कुठं भेटतेच. याचा पगार भेटते तिले, बोल. विहाराच्या सफाईवरून आमची सात घरं भांडून राहिली होती, तं हिनं तेच आमच्यावर लावलं. रोज तीन घरं, हप्त्याचे सात दिवस, आन् कोणतीबी दोन घरं हप्त्यातून बरोब्बर एकदा सोबत. मंग फळ्यावर शून्य-एकाचा तक्ता काढला, त्याले आडवा करून त्याच्याशीच गुणलं — तिरप्या ओळीत तीन, म्हणजे दर घराचे तीन दिवस, बाकी पाहाल तिथं एक. म्हणे, पाहा ताई, न्याय. माणसाचं नाव नाही पाहत ही बाई, फक्त कोण कोणासंग तेवढं पाहते. मी म्हटलं, मॅडम, सिंधू माही जाऊ होय, वाटणीत मधात भिंत घातली तवापासून आमी बोलत नाही, आमाले वेगळं ठेवा. तं म्हणे, तुमाले वेगळं केलं तं साऱ्यांचंच बिघडते. मोठी शिकलेली.

आन् बुधवारी तिसरी कोण? हीच मॅडम. आली का कधी? आज परीक्षा हाय, आज मीटिंग हाय — कामचोर. राहिलो आमी दोघी. ती झाडू माराची, मी पोछा. पहिले तं बादली सरकवल्याचा आवाज, बस. मंग एक दिवस म्हणे, जाऊबाई, तुमचे गुडघे दुखते ना, द्या इकडं पोछा. असंच मंग. डब्बा आणाची — जवसाची चटणी, मीठ नेहमी जास्त. पायरीवर बसून खात होतो दोघी. पण बुधवारीच वं. बाकीचे दिवस ती भिंतीच्या तिकडं, मी इकडं. मॅडमनंच सांगितलं ना बरोब्बर एकदा — मी काहून दोनदा बोलू?

मंग तिचा पोरगा अश्विन आला, पुण्याले घेऊन गेला तिले कायमचं. मंगळवारी. ऑटो फाटकात उभा होता, तिनं कडी वाजवली. दोनदा वाजवली. मी आतच होती, इथंच, जिथं तू बसली. मंगळवार होता ना. थांबली असती एक दिवस तं काय —

काय पाहून राहिली माह्याकडं? मॅडमले सांग, बाकीचे दोन दिवस येशील, बुधवारी नाही. गणित बिघडते तं बिघडू दे. जा आता. — नाही, दार नको लावू. राहू दे उघडंच.